लॅव्हेंडर येतो म्हणत नाही

मत्रहच्या बाजारात, खंजीरवाल्यांच्या पुढे
उजवीकडे तिसरं दुकान. पाटीचा रंग उडालाय,
पण ऊद असताना पाटी कोण वाचतं?
गल्लीच्या तोंडापासूनच तो माणसाला हात धरून आणतो.

वरच्या फळीवर, ऊन पोचत नाही तिथे,
काळ्या बाटलीत लॅव्हेंडर.
मुर्तदा शेठ ते विकायला कमी, नाक धुवायला जास्त ठेवतात.
"ऊद राजा आहे, बाई," ते म्हणतात,
"पण राजासमोर दिवसभर कोण बसेल?"

पहिली गोष्ट, ते जांभळं नसतं.
पाण्यासारखं, जरासं पिवळट.
झाकण उघडलं की आधी कापूर,
दार न वाजवता घुसतो, नाकाच्या हाडापर्यंत गार.
मागून चुरगळलेला हिरवा देठ,
वैद्याच्या पुडीसारखा कडवट.
गोडवा शोधणाऱ्यांचं इथेच बिनसतं.
"जुनं झालंय का हो?" विचारतात
आणि गुलाबाकडे वळतात.

थांबणाऱ्याला पुढचं मिळतं.
दहा मिनिटांनी मध उतरतो, पोळ्यातला, मेणासकट.
मग गंजीतलं वाळलं गवत.
आणि तळाशी (हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही)
थोडा घाम,
सकाळी आंघोळ करून उन्हात गेलेल्या माणसाचा.

शुक्रवारी सिद्राम आला, अक्कलकोटकडचा.
रुवीच्या एका हॉटेलात लाँड्रीला, एकोणीस वर्षं.
रोज सातशे चादरी, आणि जांभळ्या कॅनमधून
मापाने ओतायचं लॅव्हेंडर.
बनियन, डबा, पाकिटातल्या नोटा, सगळ्याला तोच वास.
सुट्टीत घरी गेला की पोरगी म्हणते,
बाबांच्या अंगाला हॉटेलचा वास येतो.
पोरीनं हॉटेल पाहिलेलं नाही.

"आमचंच बघू द्या की एकदा, महागातलं."
उजव्या मनगटावर मी एक थेंब टेकवला.
त्यानं हुंगलं. भुवया वर. परत हुंगलं.
"हे लॅव्हेंडर न्हाई."
"हेच आहे."
"मग एकोणीस वर्सं मी काय ओततोय?"

काय सांगणार.
कॅनमधलं ते थकत नाही,
उकळत्या पाण्यातून, ड्रायरमधून निघालं तरी
चेहरा जाहिरातीतलाच.
त्याला दुपार होत नाही.

सिद्राम बोलेना. मनगट नाकाशी धरून
समोरच्या लोबानवाल्याकडे बघत बसला,
त्याला न बघता.
मग म्हणाला, "मरवा."
"काय?"
"गजऱ्यात घालत्यात तो. त्याचा लांबचा पावणा दिसतोय ह्यो."
किंमत विचारली, आणि मोठ्यानं हसला.

तो गेल्यावर मी हिशेब मांडत बसले, थेंबाचा.
बाहेर चव्वेचाळीस. इथल्या उन्हात हा वास घाई करतो.
बंदरापाशी बस येईतो कापूर संपला असेल,
रुवीच्या चढावर मध.
खोलीवर पोचेल ते गवत,
तेही आठ जणांच्या खोलीत कितीसं.

ऊदाचं तसं नाही.
दिशदाशाच्या गोंड्यात तो तीन दिवस मुक्काम ठोकतो
आणि निघताना उंबऱ्यावर चारदा येतो, येतो म्हणतो.
लॅव्हेंडर म्हणत नाही.
बोलता बोलता वळून बघावं
तर खुर्ची रिकामी,
गादीवर बसल्याचा खळगा तेवढा.

पुढच्या शुक्रवारी सिद्राम पुन्हा.
उजवा हात पाठीमागे,
डावा काउंटरवर, तळवा वर करून.
"ह्या हातानं आठवडाभर कॅन उचलला न्हाई," म्हणाला.

मुर्तदा शेठनी वही मिटली
आणि गल्लीत बघायला लागले.
मी स्टूल ओढून वरच्या फळीवर हात घातला.